स्टिरिओ डिले-रिव्हर्ब पेडल घेताना आधी जॅक बघा

डिले म्हणजे गिटारचा स्वर एकोसारखा परत-परत ऐकवणारा इफेक्ट, रिव्हर्ब म्हणजे हॉलमध्ये घुमल्यासारखा आवाज देणारा. त्यांचं स्टिरिओ (डावं-उजवं वेगळं देणारं) पेडल घेताना त्यातून निघणाऱ्या दोन केबली जाणार कुठे, हे आधी ठरवा. दोन ॲम्प, ऑडिओ इंटरफेसचे दोन इनपुट किंवा मिक्सरचे दोन चॅनल हाताशी असतील तरच स्टिरिओवर पैसे घाला. एकाच ॲम्पवर भागणार असेल तर मोनो पेडल घ्या आणि सुखाने वाजवा.

खोक्यावर ‘स्टिरिओ’ छापलेलं असलं तरी आतला मामला वेगवेगळा असतो. काहींना इनपुट एक आणि आउटपुट दोन. काहींना इनपुट दोन, पण आत दोन्ही सिग्नल एकत्र करूनच रिव्हर्बला दिले जातात. डिलेच्या पुढे वेगळा रिव्हर्ब लावायचा असेल तर डावं-उजवं शेवटपर्यंत वेगळं ठेवणारंच पेडल लागतं. दुकानात हे लगेच कळतं: डिले पिंग-पाँगवर (एको आलटून-पालटून डावी-उजवीकडे) ठेवा, त्याची दोन्ही आउटपुट रिव्हर्बला जोडा, रिव्हर्बचा मिक्स पूर्ण वेट (फक्त इफेक्टचा आवाज) करा आणि एकच स्वर तोडून वाजवा. रिव्हर्बची शेपटी (मागे विरत जाणारा आवाज) प्रत्येक एकोबरोबर त्या-त्या बाजूला झुकली तर ठीक. ती मध्येच पसरून बसली, तर आत मोनो झालेलं आहे. ड्राय (इफेक्टशिवायचा मूळ) आवाज चालू ठेवून ही चाचणी करू नका, फसाल.

बॉसच्या डीडी-8 आणि आरव्ही-6 या छोट्या पेडलांनाही दोन इनपुट, दोन आउटपुट आहेत. सोर्स ऑडिओच्या कोलायडरमध्ये डिले आणि रिव्हर्ब एकाच डब्यात येतात. असा जोड-डबा घेताना दोन्हींना स्वतंत्र फूटस्विच आहे का आणि बंद केल्यावर शेपटी सावकाश विरते की कचकन तुटते, एवढं बघाच. काही पेडलांवर स्टिरिओसाठी एकच टीआरएस (एकाच प्लगमधून डावं-उजवं दोन्ही नेणारा) जॅक असतो. तिथे टीआरएस ते दोन मोनो अशी वाय-केबल लागते. साधी गिटार केबल खुपसली की एक बाजू गायब.

पॉवरमध्ये बरेच जण अडकतात. नऊ व्होल्ट, सेंटर निगेटिव्ह (प्लगच्या मधल्या भागाला ऋण टोक) हे झालंच, पण करंटही बघा. स्ट्रायमनचं टाइमलाइन किंवा बिगस्काय 300 मिलीअँपिअर मागतं. सप्लायच्या 100 मिलीअँपिअरच्या आउटपुटवर ते धड चालणार नाही. डिजिटल पेडलं एकाच डेझी-चेनवर (एका आउटपुटवरून अनेक पेडलांना वीज देणाऱ्या केबलवर) ओवली की बारीक किणकिण सुरू होते, म्हणून आयसोलेटेड (प्रत्येक पेडलला स्वतंत्र) आउटपुट वापरा.

पेडलांचा क्रम असा: ट्यूनर, ड्राइव्ह (डिस्टॉर्शन देणारं), मॉड्युलेशन (कोरससारखे इफेक्ट), डिले, रिव्हर्ब. डिस्टॉर्शन ॲम्पच्या प्रीॲम्पमधून (आतल्या पहिल्या टप्प्यातून) घेत असाल तर डिले-रिव्हर्ब इफेक्ट्स लूपमध्ये (ॲम्पमागच्या, प्रीॲम्पनंतर येणाऱ्या सेंड-रिटर्न जॅकमध्ये) टाका, नाहीतर एकोच फाटतात.

दोन ॲम्प जोडल्यावर घरघर आली तर तो ग्राउंड लूप (दोन्ही ॲम्पच्या अर्थिंगमधून फिरणारा नको असलेला करंट). एका ॲम्पकडे जाणाऱ्या केबलमध्ये आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घाला. प्लगची अर्थिंगची जाड पिन काढून टाकण्याचा ‘जुगाड’ मात्र अजिबात नको, शॉक जिवावर बेतू शकतो. घरघर नाही, पण बेस पोकळ वाटतोय? मग एक ॲम्प फेज (सिग्नलचं धन-ऋण) उलटवत असणार. ट्रान्सफॉर्मर बॉक्सवर फेजचं बटण असेल तर दाबून बघा.

टॅप टेम्पो (पायाने ताल देऊन डिलेची वेळ ठरवायची सोय) नसेल तर 60,000 ला बीपीएमने (मिनिटाच्या ठोक्यांनी) भागा: 120 ला 500 मिलीसेकंद, डॉटेड एट्थ हवा असेल तर त्याचं पाऊण, म्हणजे 375. हॉलचा पीए (स्पीकर यंत्रणा) मोनो असेल तर दोन्ही बाजू एकत्र होतात, आणि 10-20 मिलीसेकंदांच्या फरकाने रुंद केलेला आवाज नळीतून आल्यासारखा लागतो. तिथे फक्त डावं आउटपुट द्या.