एक शेतकरी, अनेक पावत्या: पायथनमध्ये नातं जोडताना या चुका टाळा

रावेर-सावद्याकडच्या केळी व्यापाऱ्यासाठी हिशेबाचं सॉफ्टवेअर लिहायला बसलात, की दोन क्लास लगेच सुचतात: शेतकरी आणि काटापावती. शेतकरी एक, त्याच्या पावत्या अनेक. घोळ दुसरा शेतकरी आला की सुरू होतो.

नेहमीची तक्रार अशी: पावती चढवली रावेरच्या शेतकऱ्यावर, दिसते यावलच्या खात्यातही. कारण पावत्यांची रिकामी लिस्ट थेट क्लासच्या अंगात लिहिलेली असते. ती क्लाससोबत एकदाच बनते आणि सगळे ऑब्जेक्ट तीच वापरतात. लिस्ट 'इनिट'मध्ये (ऑब्जेक्ट बनताना आपोआप चालणारं फंक्शन), 'सेल्फ'ला म्हणजे त्याच ऑब्जेक्टला जोडून बनवा. शंका असेल तर दोन्ही शेतकऱ्यांच्या लिस्टवर 'आयडी' फंक्शन चालवून बघा; आकडा सारखाच आला तर चोर सापडला. इनिटच्या पॅरामीटरला डीफॉल्ट म्हणून रिकामी लिस्ट दिली तरी हेच होतं. तिथे 'नन' (म्हणजे 'काहीच नाही') ठेवा आणि लिस्ट आत बनवा. डेटाक्लास (इनिट आपोआप लिहून देणारा क्लास) बरा, तो 'व्हॅल्यूएरर' देऊन आधीच अडवतो. त्याला 'डीफॉल्ट फॅक्टरी', म्हणजे दर वेळी नवी लिस्ट बनवणारं फंक्शन, द्या.

डेटाबेस आला की फॉरेन की (दुसऱ्या टेबलातल्या ओळीकडे बोट दाखवणारा कॉलम) कायम 'अनेक'च्या बाजूला, म्हणजे पावतीच्या टेबलात. शेतकऱ्याच्या ओळीत पावती क्रमांक स्वल्पविराम देऊन कोंबणारे महाभाग आहेत. पुढे महिनावार बेरीज मागितली की त्यांना घाम फुटतो.

एसक्यूएलअल्केमी या, पायथनचे क्लास डेटाबेसच्या टेबलांना जोडणाऱ्या लायब्ररीत एक गफलत हमखास होते. फॉरेन कीमध्ये टेबलाचं नाव लागतं, रिलेशनशिपमध्ये क्लासचं. नात्याच्या दोन्ही बाजू एकमेकींना जोडणाऱ्या 'बॅक पॉप्युलेट्स'मध्ये मात्र समोरच्या क्लासवरच्या ॲट्रिब्यूटचं नाव द्यायचं, आणि तेही दोन्हीकडे. एकीकडे विसरलात तर पावतीला शेतकरी जोडूनही त्याची आधीच लोड झालेली लिस्ट जुनीच राहू शकते.

जँगो या पायथनच्या वेब फ्रेमवर्कमध्ये 'ऑन डिलीट' (मूळ नोंद डिलीट झाली तर काय करायचं) 2.0 आवृत्तीपासून सक्तीचं आहे, म्हणून लोक डोळे झाकून 'कॅस्केड' चिकटवतात. शेतकरी डिलीट केला की त्याच्या सगळ्या पावत्याही गेल्या. पैशाच्या कागदांना माझ्या मते 'प्रोटेक्ट'च हवं; पावत्या असतील तर शेतकरी डिलीटच होऊ देत नाही.

एसक्यूलाइटवर (एका फाइलीत मावणारा डेटाबेस) एसक्यूएलअल्केमी वापरत असाल तर फॉरेन कीची तपासणी मुळात बंद असते, हे ध्यानात घ्या. प्रत्येक नव्या कनेक्शनवर फॉरेन कीचा 'प्राग्मा' (एसक्यूलाइटचं सेटिंग) चालू करावा लागतो. नाहीतर अस्तित्वात नसलेल्या शेतकऱ्याची पावतीही बिनबोभाट सेव्ह होते.