शिफारसपत्र गणपतीआधी मागा

बारावीनंतर शिकण्यासाठी अमेरिकेतल्या कॉलेजांना अर्ज करणार असाल, तर शिक्षकांना शिफारसपत्रासाठी गणपतीच्या सुट्टीआधीच विचारा. कॉमन अ‍ॅपचा, म्हणजे एकाच ठिकाणाहून अनेक कॉलेजांना करता येणारा ऑनलाइन, नवा अर्ज 1 ऑगस्टला खुला होतो आणि लवकर अर्ज करणाऱ्यांच्या पहिल्या फेरीची मुदत बऱ्याच कॉलेजांत 1 नोव्हेंबरची असते. आपल्याकडे मधे गणपती, सहामाही आणि दिवाळी येते. सर गावी गेले की गाठ पडणं मुश्किल.

पत्र कोणाकडून घ्यायचं? प्राचार्यांची सही वजनदार वाटते, पण ते तुम्हाला ओळखत नसतील तर पत्र कोरडंच होतं. अकरावी-बारावीत ज्यांनी शिकवलं, तुमची जर्नल तपासली, त्यांनाच विचारा. सोबत एक पान लिहून द्या. त्यात मार्क नकोत, ते गुणपत्रिकेत असतातच. प्रसंग लिहा: खाडीकाठच्या विहिरीचं पाणी भरतीनंतर किती खारट होतं हे तुम्ही महिनाभर मोजलंत, आकडे चुकले म्हणून पुन्हा मोजलंत, असं काहीतरी. सरांना तेवढा धागा पुरतो.

पत्र शिक्षक स्वतः ऑनलाइन चढवतात, त्याची लिंक त्यांच्या ईमेलवर जाते. म्हणून ते रोज उघडतात तोच पत्ता घ्या आणि लिंक स्पॅममध्ये अडकली नाही ना, हे त्यांच्याजवळ बसून बघा. पत्र वाचण्याचा हक्क सोडता का, असा प्रश्न अर्जात येतो. बिनधास्त सोडा, अशा पत्रावर कॉलेजचा विश्वास जास्त बसतो.

मुदतीच्या दोन आठवडे आधी एकदा नम्रपणे आठवण करा. निकाल लागला की पेढे घेऊन आधी सरांकडे जा.