रोबोच्या हातासाठी गिअर कसे निवडावेत आणि कसे बसवावेत

स्पर्धेतील रोबोचा हात वजन घेऊन मध्येच अडला, की बहुतेक संघ जास्त ताकदीची मोटर शोधू लागतात. खरे तर आधी भार मोजावा, मग दातांचा हिशेब करावा आणि मोटर सर्वांत शेवटी विकत घ्यावी.

समजा, ३० सेंटिमीटर लांबीच्या हाताने टोकाशी अर्धा किलो वजन उचलायचे आहे. हात आडवा असताना सर्वाधिक टॉर्क (फिरवण्याचा जोर) लागतो, म्हणून हिशेब त्याच स्थितीचा धरावा: ०.५ गुणिले ३०, म्हणजे १५ किलो-सेंटिमीटर. हाताचे स्वतःचे वजन २०० ग्रॅम असेल, तर ते मध्यावर आहे असे मानून आणखी ३ मिळवावेत. हे १८ झाले. घर्षण आणि झटके लक्षात घेता दुपटीची, म्हणजे ३६ची तयारी ठेवावी. मोटरवर २० दातांचा आणि हाताच्या शाफ्टवर (फिरणाऱ्या दांड्यावर) ६० दातांचा गिअर लावल्यास टॉर्क सुमारे तिप्पट होतो व वेग एक तृतीयांश राहतो. त्यामुळे सलग १२ किलो-सेंटिमीटर देणारी ६० आरपीएमची (मिनिटाला ६० फेऱ्यांची) मोटर पुरते आणि हात साधारण पाऊण सेकंदात ९० अंश फिरतो. मात्र दुकानात सांगितला जाणारा आकडा पुष्कळदा मोटर पूर्ण अडल्यावरचा असतो, त्यावर विसंबू नये. मध्ये तिसरा गिअर घातल्याने फक्त फिरण्याची दिशा बदलते, ताकद वाढत नाही.

दोन्ही गिअर एकाच मॉड्यूलचे, म्हणजे दातांच्या एकाच मापाचे हवेत. मॉड्यूल १ असेल, तर २० आणि ६० यांच्या बेरजेचा निम्मा, म्हणजे ४० मिलिमीटर, हे दोन शाफ्टमधील अंतर. मोटरच्या पट्टीला गोल भोकांऐवजी लांबट खाचा ठेवाव्यात. दातांमध्ये वहीच्या कागदाची पट्टी धरून गिअर एकमेकांवर दाबावेत, स्क्रू आवळावेत आणि गिअर फिरवून पट्टी बाहेर काढावी. तिच्यावर दातांच्या स्वच्छ घड्या उमटलेल्या असाव्यात, पण ती फाटलेली नसावी. फाटली तर गिअर जाम होतील. घड्या पुसट असतील तर प्ले (दातांमधील मोकळी जागा) जास्त राहून दाते उडी मारतील.

हाताच्या शाफ्टला दोन्ही बाजूंनी बेअरिंगचा आधार द्यावा, कारण एकाच बाजूने धरलेला शाफ्ट भाराखाली वाकतो. वडोदऱ्यातील संघांना मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या लेथवाल्यांकडून शाफ्ट करून घेता येतो. त्यावर ग्रब स्क्रूसाठी (गिअर शाफ्टवर घट्ट धरणाऱ्या बिनडोक्याच्या छोट्या स्क्रूसाठी) सपाट बाजूही तिथेच घासून घ्यावी. शेवटी गिअर आणि शाफ्ट यांच्या जोडावर मार्करने एक सरळ रेघ ओढावी आणि पूर्ण वजन लावून हात अनेकदा वर-खाली करून पाहावा. रेघ तुटलेली दिसली, तर ग्रब स्क्रू घसरतो आहे.