अंदमानच्या पुळणी: कोणता किनारा कोणत्या वेळी गाठावा

पुण्याच्या माणसाच्या मनात समुद्र नेहमी पश्चिमेला असतो. अलिबाग, काशीद, दिवेआगर, हर्णै, कुठेही गेले तरी सूर्य पाण्यात मावळतो आणि उगवतो तो मागच्या डोंगराआडून. त्यामुळे किनारा पाहायचा तो संध्याकाळीच, अशी सवय आपल्याला लागलेली असते. बेटावर ही सवय उपयोगाची नाही, कारण तिथे किनारा चारही दिशांना असतो आणि प्रत्येक पुळणीची स्वतःची एक वेळ असते. अंदमानला जाणारे बहुतेक लोक पुळणींची यादी करतात. यादीऐवजी वेळापत्रक करावे, एवढेच मला प्रामुख्याने सांगायचे आहे. ते पुण्यात घरी बसून करता येते, आणि त्यासाठी सूर्य, भरती-ओहोटी आणि वारा ही तीनच गणिते जमवावी लागतात.

पहिले गणित सूर्याचे. अंदमान पुण्याच्या पूर्वेला सुमारे १९ रेखांशांवर आहे, पण घड्याळ मात्र दोन्हीकडे एकच. एका रेखांशाला चार मिनिटे धरली तर तिथला सूर्य आपल्यापेक्षा साधारण सव्वा तास पुढे चालतो. डिसेंबरात पुण्यात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. तिथे पाचच्या आसपासच मावळतो आणि साडेपाचला दिवे लागलेले असतात. जेवून, वामकुक्षी घेऊन, चहा पिऊन साडेचारला बाहेर पडणाऱ्या पुणेकराला म्हणूनच तिथे अंधाराशिवाय फारसे काही दिसत नाही. दिवस पहाटे पाचला सुरू करावा, दुपारचे जेवण साडेअकराला उरकावे आणि संध्याकाळच्या पुळणीवर तीनपर्यंत पोहोचावे.

दुसरे गणित भरती-ओहोटीचे, आणि ते न केल्याची शिक्षा मी स्वतः भोगलेली आहे. शहीद द्वीपावर, म्हणजे पूर्वीच्या नील बेटावर, लक्ष्मणपूरच्या दुसऱ्या पुळणीपाशी समुद्राने कोरलेली खडकाची एक नैसर्गिक कमान आहे. बंगाली वस्तीतले लोक तिला कौतुकाने हावडा ब्रिज म्हणतात. पहिल्या खेपेस आम्ही सकाळी अकराला तिथे पोहोचलो, तेव्हा कमानीकडे जाणारा खडकाळ पट्टा पूर्णपणे पाण्याखाली होता आणि लाटा थेट झाडांच्या मुळांवर आपटत होत्या. रिक्षावाले काका बिडी विझवत शांतपणे म्हणाले, “दादा, पानी का टाइम देखके आना था।” दुसऱ्या दिवशी परतीची बोट होती, त्यामुळे कमान त्या वर्षी राहूनच गेली.

कोकणात ज्यांचे आजोळ आहे त्यांना तिथीचा हिशेब माहीत असतो: तिथीला पाऊणने गुणले की भरतीची वेळ मिळते. अष्टमीला आठ गुणिले पाऊण म्हणजे सहा, म्हणून साधारण सहाला पूर्ण भरती. हा हिशेब अंदमानात लावू नये. भरती प्रत्येक बंदरात आपापल्या वेळेला येते, आणि कोकणचा गुणाकार कोकणापुरताच खरा आहे. मात्र स्वयंपाकघरातल्या भिंतीवरचे कॅलेंडर निरुपयोगी ठरत नाही, कारण अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण आणि अष्टमीच्या आसपास भांग हा नियम तिथेही लागू आहे. उधाणाच्या दिवसांत ओहोटीला पाणी खूप खाली उतरते आणि भरतीला तितकेच वर चढते. भांगाच्या दिवसांत पाणी फारसे हलत नाही. नेमक्या वेळा पोर्ट ब्लेअरच्या भरतीच्या तक्त्यातून घ्याव्यात. भारतीय सर्वेक्षण विभाग असे तक्ते प्रसिद्ध करतो, आणि मोबाइलवरही ते सहज मिळतात. दिवसात दोन भरत्या आणि दोन ओहोट्या येतात, त्यांच्यात सव्वासहा तासांच्या आतबाहेर अंतर असते, आणि रोज ही वेळ सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. एका दिवसाची वेळ कळली की पुढच्या चार दिवसांचा अंदाज वहीच्या मागच्या पानावर मांडता येतो.

तिसरे गणित वाऱ्याचे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी वारा ईशान्येकडून येतो, तेव्हा पूर्वेकडचे पाणी खळबळते आणि पश्चिमेचे त्या मानाने शांत राहते. नैर्ऋत्य मोसमी पावसात याच्या उलट असते. मार्च-एप्रिलमध्ये ऊन कडक असले तरी समुद्र बराच निवळलेला असतो. पाण्याखालचे प्रवाळ पाहणे हाच मुख्य हेतू असेल, तर मी दिवाळीच्या सुट्टीपेक्षा मार्च निवडेन.

आता प्रत्यक्ष पुळणी. पुण्याहून बहुधा चेन्नई, बंगळुरू किंवा कोलकात्यामार्गे वीर सावरकर विमानतळावर उतरावे लागते. पहिला दिवस सेल्युलर जेलला द्यावा, हे मराठी माणसाला सांगण्याची गरज नाही. तिकिटे काढताना एक ध्यानात ठेवावे: हॅवलॉकचे नाव २०१८ पासून स्वराज द्वीप आणि नीलचे शहीद द्वीप झाले आहे, आणि २०२४ मध्ये पोर्ट ब्लेअरचे श्री विजयपुरम झाले. कागदावर नवे नाव असले तरी बोलण्यात अजून जुनेच असते, त्यामुळे दोन्ही पाठ असलेली बरी.

स्वराज द्वीपावर मुक्काम पूर्व किनाऱ्यावर, गोविंदनगर किंवा विजयनगरच्या बाजूला घ्यावा. पहाटे अंथरुणातून उठून थेट सूर्योदयाला जाता येते, हा त्याचा मोठा फायदा. ओहोटीला इथले पाणी बरेच आत जाते आणि मागे खडक, मेलेल्या प्रवाळाचे तुकडे आणि उथळ डबकी उरतात. पोहायला ही वेळ वाईट, चालायला उत्तम. काळ्या खडकांची काळापत्थर पुळणही याच अंगाला आहे, आणि तिलाही सकाळच शोभते.

राधानगर मात्र पश्चिमेला, जेट्टीपासून सुमारे १२ किलोमीटरवर. लांबरुंद, बारीक पांढऱ्या वाळूची पुळण आणि तिच्या पाठीशी उंच समुद्री महुव्यांची दाट रांग. २०२० मध्ये तिला ब्लू फ्लॅग हे आंतरराष्ट्रीय मानांकन मिळाले. इथे तळाशी वाळू असल्यामुळे पोहण्यासाठी भरती चांगली, परंतु आखून दिलेल्या टप्प्यातच पोहावे. ओढ जाणवली तर किनाऱ्याकडे सरळ हातपाय मारत बसू नये. किनाऱ्याला समांतर पोहून आधी ओढीतून बाहेर पडावे. तिवरांच्या आणि खाडीच्या तोंडाशी मगरींबद्दलच्या पाट्या आहेत, आणि त्या शोभेसाठी लावलेल्या नाहीत. बोर्डाजवळ उभे राहून फोटो काढणारे आणि लगेच त्याच पाण्यात उतरणारे लोक मी पाहिले आहेत.

एलिफंट बीचला जेट्टीवरून बोटीने जाता येते, किंवा राधानगरच्या रस्त्यावरून जंगलातल्या पायवाटेने. पायवाट पावसात घसरडी होते आणि कधीकधी बंद असते, म्हणून आदल्या संध्याकाळी चौकशी करावी. तळ उथळ असल्याने स्नॉर्केलिंगसाठी, म्हणजे मास्क आणि नळी लावून पाण्याखाली पाहत तरंगण्यासाठी, ही जागा सोयीची आहे, पण दहाच्या पुढे इतकी गर्दी होते की पाण्याखाली माशांपेक्षा माणसांचे पाय अधिक दिसतात. शक्य असेल तर पहिली बोट पकडावी. मास्क तोंडावर बसवून नळीतून श्वास घेण्याचा सराव मात्र पुण्यातल्याच एखाद्या तरणतलावात दोन-तीन वेळा करून जावे. पहिला घाबरा श्वास खाऱ्या पाण्यात घेण्यापेक्षा क्लोरीनच्या पाण्यात घेतलेला परवडतो. काचेवर वाफ धरू नये म्हणून आतून थुंकी चोळून विसळणे हा सर्वांत स्वस्त उपाय. प्रवाळावर पाय टेकू नये: तो दगड दिसतो, पण जिवंत असतो, आणि आपल्या तळव्यालाही चांगलाच कापतो. उन्हासाठी मलमाचे थर लावण्यापेक्षा पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा सदरा घालावा.

शहीद द्वीप लहान आहे, आणि भरती-ओहोटीचे गणित खरे इथेच लागते. जेट्टीजवळच्या भरतपूरला काचेच्या तळाच्या बोटी पाणी पुरेसे चढलेले असताना चालतात. लक्ष्मणपूरची कमान ओहोटीची. सीतापूर पूर्वेला, म्हणून पहाटेचे. लक्ष्मणपूरची पहिली पुळण सूर्यास्ताची. समजा तक्त्यात सकाळी दहाला पूर्ण ओहोटी असेल, तर सीतापूरचा सूर्योदय पाहून न्याहारी करावी, साडेआठला कमानीकडे निघावे, पाणी पुन्हा चढू लागण्याआधी परतावे, दुपारी चढत्या पाण्यात भरतपूर करावे आणि साडेचारपूर्वी लक्ष्मणपूरला बसावे. कमानीपाशी घाईने फोटो काढून परत फिरू नये. दुसऱ्या खेपेस एका परातीएवढ्या डबक्यापाशी आम्ही अर्धा तास बसलो: एक काळा समुद्रकाकडी नावाचा प्राणी वाळू गिळत निवांत पडलेला, आणि शंख पाठीवर घेऊन एक खेकडा त्याला वळसा घालून चाललेला. पायात मात्र पक्क्या तळव्याचे, पाण्यात चालणारे बूट हवेत. स्लिपर शेवाळावर दगा देते.

वादळी हवेत बोटी रद्द होतात, म्हणून परतीच्या विमानाच्या आदली रात्र पोर्ट ब्लेअरमध्येच काढावी. आणि सामान भरण्यापूर्वी मुलांचे खिसे उलटे करून पाहावेत. प्रवाळाचा तुकडा किंवा शंख-शिंपले घेऊन निघालेल्यांना विमानतळावरच्या तपासणीत ते काढून ठेवावे लागतात, आणि प्रवाळाला तर वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. आमच्या पुतण्याच्या खिशात असाच एक शिंपला निघाला होता. त्याला घेऊन आम्ही जेट्टीशेजारच्या पाण्यापर्यंत चालत गेलो, आणि त्याने तो स्वतःच्या हाताने आत टाकला.