आग्या मोहोळ, गड आणि गाडीची किल्ली

गडावर आग्या मोहोळाच्या, म्हणजे कड्याला उघडं पोळं करणाऱ्या मोठ्या मधमाश्यांच्या तावडीतून कसं वाचायचं, तेवढंच सांगतो. बूट, टोपी, पाणी हे सांगत बसत नाही. पाणी वाटतं त्यापेक्षा दीड पट घ्या, झालं.

मागच्या फेब्रुवारीत बेळगाव जिल्ह्यात, संकेश्वरकडच्या एका गडावर आम्ही सहाजण गेलो होतो. गडाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. चूक गडाची नव्हती, माश्यांची तर नव्हतीच. वारा लागू नये म्हणून बुरजाच्या आडोशाला तीन दगड मांडून चहा ठेवला. धूर सरळ वर गेला. वर काय लोंबतंय ते मान वर करून बघायचं एकालाही सुचलं नाही. चहाला उकळी फुटायच्या आत आम्ही पळत होतो.

पळालो ते गाडीकडं, ते बरोबरच होतं. काचा वर असलेली गाडी म्हणजे आग्यापासून सगळ्यात चांगला आडोसा. पण किल्ली ज्याच्या खिशात होती तो गडाच्या दुसऱ्या अंगाला पळाला. पाचजण बंद गाडीची हँडलं ओढतोय, आणि माश्या केसांत शिरून गुणगुणतायत. म्हणून पहिली गोष्ट, किल्ली. घरातली दुसरी किल्ली शोधून आणा. दोन किल्ल्या, दोन खिसे, दोन वेगळी माणसं. आणि ती दोन माणसं कोण, हे गाडीतून उतरतानाच सगळ्यांसमोर मोठ्यानं बोलून घ्या.

कपडे फिक्या रंगाचे, अंगभर. काळं नको, घोंगडी तर अजिबात नको. काळ्या, केसाळ गोष्टीवर माशी जास्त चिडते. अत्तर, सेंट, वासाचं तेल, गजरा घरी. प्रत्येकाकडं जुनी पांढरी चादर हवी, आणि ती सॅकच्या तळाशी नाही, वर. आमच्या चादरी गाडीत होत्या. गाडी बंद होती. पुढचं सांगत नाही.

निघायच्या आदल्या दिवशी ग्रुपमध्ये एक प्रश्न टाका: माशी चावल्यावर कुणाला कधी धाप लागली, अंगभर गांधी उठल्या, घसा आवळला, चक्कर आली? कुणी ‘हो’ म्हणालं तर त्यानं आधी डॉक्टरला विचारावं. अशा माणसाला अ‍ॅड्रेनालिनचं इंजेक्शनच लागतं. खिशातली अ‍ॅलर्जीची गोळी त्या वेळी पुरत नाही, आणि गोळी आहे म्हणून निर्धास्त राहणं जास्त वाईट.

पायथ्याच्या गावात विचारा. मराठीत ‘वर आग्या मोहोळ हाय काय?’, आणि समोरचा कन्नड बोलणारा असेल तर ‘हेज्जेनु’ एवढा एक शब्द पुरतो, तो हातानंच जागा दाखवतो. मागच्या वर्षी नव्हतं म्हणून यंदा नसेल, असं धरू नका. आग्या हंगामाप्रमाणं मुक्काम हलवतो. पावसाळ्यात मोकळा दिसलेला कडा हिवाळ्यात भरलेला असतो. राजहंसगड असो, वल्लभगड असो, विचारायला एक मिनिट लागतं. खानापूरकडं भीमगडाला तर वनखात्याची परवानगीही लागते. २०११ पासून ते अभयारण्य आहे. जांबोटी-कणकुंबीच्या पट्ट्यात रेंजचा भरवसा नाही, तेव्हा घरी सांगून जा.

चढताना मान वर. आग्याचं पोळं एकच असतं, उघडं, अर्ध्या चंद्रासारखं, कड्याच्या किंवा बुरजाच्या पोटाला चिकटलेलं. लांबून दगडावरचा काळपट डागच वाटतो. त्या डागावरून पाण्यासारखी लाट सरकताना दिसली, तर माश्यांनी दखल घेतली आहे. न बोलता मागं फिरा. चूल, सिगारेट, ड्रोन, दगड मारणं, काही नको. शिवगर्जना पायथ्याशी द्या, महाराज ऐकतात.

उठल्याच तर पळा. हात झाडू नका. चिरडलेल्या किंवा डंख मारलेल्या माशीचा पिकल्या केळासारखा वास सुटतो आणि तो बाकीच्यांना इथंच या म्हणून सांगतो. चादर डोक्यावरून, तोंड झाकून, पण पायाखालची वाट दिसली पाहिजे. कड्याच्या अंगाला आंधळं पळू नका. टाक्यात, विहिरीत उडी नको, त्या वर घिरट्या घालत थांबतात आणि तुम्हाला श्वासाला वर यावंच लागतं. शंभर-दोनशे मीटरवर दम खायला थांबू नका. घर, देऊळ, गाडी. गाडी म्हटलं की पुन्हा तेच: किल्ली कुणाकडं? दोघं कोण? चार माश्या आत येतीलच, येऊ देत, काचा खाली करू नका. लांब गेल्यावर उघडा.

नंतरचं थोडक्यात. काटे लगेच काढा, नखानं, कशानंही. ते विष ओततच राहतात. अंगठ्या, बांगड्या सुजायच्या आत काढा. धाप, ओठ-जीभ सुजणं, चक्कर दिसली की १०८. डंख खूप असतील तर बरं वाटत असलं तरी दवाखान्यात जा, लघवी लाल-काळी होतेय का बघा. माणसं मोजा.

आमचा सहावा दोन तासांनी देवळाच्या गाभाऱ्यात सापडला, दार आतून लावून बसलेला. अंगावर एक डंख नाही. किल्ली खिशात.