अपडेटनंतर बंद पडलेला हॅकिन्टॉश पुन्हा कसा उभा करावा

तुळशीचे लग्न उरकले की बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात लग्नपत्रिकांची कामे सुरू होतात. एकाच पत्रिकेत मराठी आणि कन्नड मजकूर जुळवणाऱ्या माझ्यासारख्या डीटीपीवाल्याला मॅकओएससोबत येणारे कोहिनूर देवनागरी आणि कन्नड संगम एमएन हे फॉन्ट फार सोयीचे पडतात. आयमॅक परवडत नसल्याने मी असेंबल केलेल्या डेस्कटॉपवर ओपनकोरच्या, म्हणजे संगणक चालू होताना आधी सुरू होऊन मॅकओएसला वाट करून देणाऱ्या प्रोग्रॅमच्या, मदतीने मॅकओएस ही ॲपलची प्रणाली बसवली आहे. अशा संगणकाला हॅकिन्टॉश म्हणतात. ॲपलच्या परवान्यात ही प्रणाली केवळ ॲपलच्याच संगणकावर चालवण्याची मुभा आहे, त्यामुळे बिघाड झाल्यास कोणाकडे दाद मागता येत नाही, हे आधीच मान्य करून पुढे वाचावे.

अपडेटनंतर पडदा काळा राहिला की डिस्क फॉरमॅट करण्याचा मोह होतो. तो आवरावा. मॅकओएसच्या २०१९ मधील कॅटलिना आवृत्तीपासून आपल्या फायली वेगळ्या डेटा व्हॉल्यूमवर, म्हणजे डिस्कच्या वेगळ्या भागावर, असतात. अपडेट मुख्यतः सिस्टिम व्हॉल्यूम बदलते आणि ओपनकोर ज्या ईएफआय पार्टिशनवर (संगणक सुरू करणाऱ्या फायलींसाठी राखलेला डिस्कचा छोटा भाग) असते त्याला हात लावत नाही. म्हणजे घर नवे झाले, पण किल्ली जुनीच राहिली. बहुतेक वेळा दुरुस्ती या किल्लीची करायची असते.

त्याआधी अपडेट खरोखर पूर्ण झाले आहे का, ते पाहावे. त्या काळात संगणक तीन-चार वेळा रीस्टार्ट होतो आणि प्रत्येक वेळी ओपनकोरच्या यादीत मॅकओएस इन्स्टॉलर ही नोंद दिसत असेल, तर नेहमीची डिस्क न निवडता तीच निवडावी लागते. एका मार्गशीर्षात अपडेट अर्ध्यावर असताना वीज गेली. ती आल्यावर भाच्याने सवयीने जुनी डिस्क निवडली आणि संगणक लोगोवर अडकला. मी दोन तास केक्स्ट (मॅकओएसला हार्डवेअर ओळखायला लावणाऱ्या ड्रायव्हरसारख्या फायली) तपासत बसलो, प्रत्यक्षात फक्त यादीतील दुसरी नोंद निवडायची होती. यूपीएसशिवाय अपडेट सुरू करू नये, हे मी तेव्हापासून पाळतो.

नोंद बरोबर निवडूनही काम अडले, तर सुरू होताना काय चालले आहे ते पडद्यावर दाखवणारा व्हर्बोस मोड चालू करावा. त्यासाठी ओपनकोरच्या सेटिंग्ज ठेवणाऱ्या कॉन्फिग फाइलमधील बूट-आर्ग्स या नोंदीत वजाचिन्ह आणि त्याला लागून लहान लिपीतील इंग्रजी व्ही लिहावा. लोगोऐवजी ओळी सरकू लागतात. त्या जिथे थांबतील तिथे मोबाइलने फोटो घ्यावा. ‘स्टिल वेटिंग फॉर रूट डिव्हाइस’ असे दिसले, तर प्रणालीला डिस्क किंवा पेनड्राइव्ह सापडत नाही, म्हणून यूएसबी किंवा साटाचे केक्स्ट आणि बायोसमधील (संगणक सुरू होताना उघडणाऱ्या मूळ सेटिंग्जमधील) एएचसीआय हा डिस्कचा मोड तपासावा. ओळी नीट सरकून शेवटी पडदाच काळा झाला, तर संशय ग्राफिक्सवर घ्यावा.

दुरुस्ती थेट डिस्कवर करू नये. दुसऱ्या संगणकावर पेनड्राइव्ह एफएटी३२ मध्ये फॉरमॅट करून त्यावर आपले ईएफआय फोल्डर ठेवावे आणि बायोसच्या बूट मेनूतून त्यावरून संगणक सुरू करावा. चूक झाली तर पेनड्राइव्ह काढला की मूळ स्थिती जशीच्या तशी राहते. या पेनड्राइव्हवर ओपनकोर आणि सर्व केक्स्ट ताजे करून घ्यावेत. त्यांत लिलू हे केक्स्ट सर्वांत महत्त्वाचे, कारण व्हर्च्युअलएसएमसी (संगणक मॅक असल्याचे भासवणारे) आणि व्हॉटेव्हरग्रीन (ग्राफिक्सचे) ही केक्स्ट त्याच्यावर विसंबून असतात. कॉन्फिगमधील क्रमातही ते या दोघांच्या आधी हवे. ओळख नसलेल्या नव्या मॅकओएसवर जुने लिलू स्वतःहून निष्क्रिय राहते आणि बाकीचे केक्स्टही त्याच्यासोबत बसतात. इंटेल वायफायचे एअरपोर्टआयटीएलडब्ल्यूएम वापरत असाल, तर ते नेमक्या त्याच मॅकओएस आवृत्तीसाठी बनवलेले घ्यावे. ओपनकोर बदलले की जुनी कॉन्फिग फाइल तशीच चालेल असे गृहीत धरू नये. नव्या आवृत्तीतील नमुना फाइलशी ती ताडून पाहावी आणि ओपनकोरसोबतच मिळणाऱ्या ओसीव्हॅलिडेट या तपासणी साधनाने तपासावी. हे काम कंटाळवाणे आहे, पण बहुतेक वेळा दोष इथेच सापडतो.

त्यानंतरही अडले, तर ओपनकोरच्या यादीत स्पेस बार दाबून लपलेल्या नोंदी उघडाव्यात आणि एनव्हीरॅम (सुरू होण्याच्या सेटिंग्ज लक्षात ठेवणारी छोटी मेमरी) रीसेट करावे. यात बूट क्रमही पुसला जाऊ शकतो; मग संगणक थेट विंडोजमध्ये गेला, तर घाबरून न जाता बायोसमधून ओपनकोर पुन्हा निवडावे.

प्रणाली सुरू झाली, पण वायफाय गेले, अशीही तक्रार असते. मॅकओएसच्या २०२३ मधील सोनोमा आवृत्तीपासून जुन्या ब्रॉडकॉम कार्डांचा आधार ॲपलने काढला आहे. हा आधार परत आणणाऱ्या ओपनकोर लेगसी पॅचर या साधनाने केलेले पॅच प्रत्येक अपडेटमध्ये पुसले जातात, म्हणून ते पुन्हा लावावे लागतात. तोवर लॅन केबल जवळ असावी. २०२५ च्या टाहो आवृत्तीमध्ये ॲपलएचडीए हा ध्वनीचा भागच गायब असल्याने त्याच्यावर विसंबून असलेले ॲपलएएलसी हे आवाजाचे केक्स्ट एकटे पुरे पडत नाही. साधे यूएसबी साउंड कार्ड हा माझ्या मते सर्वांत कमी डोकेदुखीचा उपाय आहे. इंटेलवर चालणारी टाहो ही शेवटची आवृत्ती, तेव्हा पुढच्या अपडेटची वाट पाहण्यात अर्थ नाही.

काहीच जमले नाही, तर त्याच यादीतून रिकव्हरी उघडून रीइन्स्टॉल हा पर्याय निवडावा. डिस्क युटिलिटीतील इरेज दाबले नाही, तर फायली जागेवर राहतात. तरीही पत्रिकांच्या फायलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर असावीच.

संगणक दोन-तीन वेळा नीट सुरू झाला की पेनड्राइव्हवरील ईएफआय फोल्डर डिस्कवर न्यावे, पण जुने फोल्डर तारखेच्या नावाने पेनड्राइव्हवर जपून ठेवावे. त्याच दिवशी सॉफ्टवेअर अपडेटमधील आपोआप अपडेट होण्याचे बटणही बंद करावे.