काम चालू, थंडी चालू आणि मुक्काम घरातच

थंडीत घराची तोडफोड काढलीय आणि राहायचंही तिथेच, तर मिस्त्रीला रोज सकाळी एकच प्रश्न विचारायचा: आज अंधार पडल्यावर घरात काय काय चालू असेल? ‘होऊन जाईल’ हे उत्तर धरू नका. कुठला नळ, कुठला दिवा, ते वदवून घ्या. दिवस लवकर मावळतो, आणि उघडा पडलेला पाइप जोडायला रात्री कुणी येत नाही.

माझी अट साधी होती. एक खोली आणि एक संडास यांना शेवटपर्यंत हात लावायचा नाही, आणि त्या खोलीची लाइन वेगळ्या एमसीबीवर (भार वाढला की आपोआप पडणारा खटका). दोन्ही संडास एकदम फोडले तर सोयीचं पडेल, असं तुम्हाला सांगतील. (सोय त्यांची.) नळाला पाणी नसलं तरी संडास चालतो; साधारण सहा लिटर पाणी एका दमात ओता. थोडं थोडं ओतलं तर नुसतं वाया जातं. वापरात नसलेल्या मोरीच्या जाळीतही अधूनमधून तांब्याभर पाणी टाका. खालच्या वाकातलं पाणी आटलं की गटाराचा वास थेट घरात.

अख्खं घर उबदार ठेवायच्या फंदात पडू नका. खिडक्या काढल्या असतील तर चौकटीला आतून एक आणि बाहेरून एक असा प्लास्टिकचा कागद ताणून लावा. थंडी अडवते ती मधली कोंडलेली हवा. दाराखालच्या फटीत जुनी चादर कोंबली की धूळही बाहेरच राहते. हीटर भिंतीतल्या पक्क्या सॉकेटलाच लावायचा. गुंडाळलेल्या बारीक एक्स्टेन्शनवर १५०० वॅटचा हीटर म्हणजे आगीला आमंत्रण.

बंद खोलीत कोळशाची शेगडी नको म्हणजे नकोच. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला ना रंग, ना वास. माणूस झोपेतच जातो. जनरेटर बाल्कनीतही चालणार नाही, दारं-खिडक्यांपासून किमान सहा मीटर लांब हवा.

आंघोळीचं फार अवघड नाही. १५ लिटर पाणी २० अंशांवरून ४० वर न्यायला १५०० वॅटच्या रॉडला पाव तास पुरतो. फक्त प्लग काढल्याशिवाय पाण्यात बोट घालू नका.

पाणी गोठण्याइतकी थंडी पडत असेल तर रात्री मेन कॉक बंद करून नळ उघडे ठेवा, पाइप रिकामे होऊ द्या. बर्फ होताना पाणी सुमारे ९ टक्के फुगतं आणि पाइप फाटतो.

राहता राहिली घाई. गारठ्यात सिमेंट सावकाश धरतं, ५ अंशांखाली तर फारच. त्यामुळे ‘प्लास्टर आज, रंग परवा’ ऐकून मान डोलावू नका. रंग किमान किती तापमानाला लावायचा, ते डब्यावर छापलेलं असतं. मिस्त्रीच्या देखत मोठ्याने वाचा.